न मेलेल्या मगरींचे पंचनामे

"संगमाच्या पुलाखाली मगर! स्मशानाच्या पायऱ्यांवर मगर! जिथे लोक रिक्षा धुतात तिथे मगर! अहो, मग माझ्या न्हाणीघरात का नाही? न्हाणीघर का सोडलंत आपण?"

सर ओरडत होते. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, एका हातात चष्मा आणि दुसऱ्या हातात मी आणलेला अहवाल घेऊन. अहवाल कॉम्प्युटरच्या त्या सलग कागदावर छापलेला होता, दोन्ही कडांना भोकं असलेल्या. त्याचं एक टोक सरांच्या मुठीत होतं आणि दुसरं दारातून बाहेर जाऊन जिन्यावरून खाली गेलं होतं. शपथेवर सांगतो, तळमजल्यावरच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले पेशंट ते वाचत होते आणि एका आजीबाईंनी कंपाउंडरला विचारलंसुद्धा की हे औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर.

सरांनी मला 'आपण' म्हटलं, तिथेच मी समजलो. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी त्यांचा जुना विद्यार्थी. मी ठीक वागलो तर 'अरे', चुकलो तर 'तुम्ही'. 'आपण' हा शब्द त्यांनी आयुष्यभरात फक्त एका प्राचार्यांसाठी आणि एका घोणसासाठी वापरलेला मी ऐकला होता. त्यातल्या त्यात घोणसाशी बोलताना आवाज मऊ होता.

"वर्षभर, दर रविवारी, आपण नदीवर गेलो," सर म्हणाले. "दर रविवारी मी माझ्या हाताने 'शून्य' लिहिलं. आणि या कागदावर दर रविवारी एक मगर आहे. ही कुठून आली?"

माझ्या शेजारी माझा मित्र उभा होता. हा मूळचा चंद्रपूरचा, माझ्याच कंपनीत माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसणारा. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "भाऊ, तो एक तू काढलाच नाही का बे?"

आता हा 'एक' काय होता ते सांगावं लागेल.

त्या दिवसांत पुण्यात दगड भिरकावला तर तो कॉम्प्युटर क्लासच्या पाटीवर आपटायचा आणि उसळून दुसऱ्या क्लासच्या पाटीवर. आमची कंपनी ज्वारीच्या शेतात उगवलेल्या काचेच्या इमारतीत होती. पुढच्या खिडकीतून अमेरिका दिसायची, मागच्या खिडकीतून बुजगावणं. आम्ही दिवसभर परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचो आणि घरी येऊन सांगायचो की आमच्याशिवाय तिकडे एक माणूस सुखाने मरू शकत नाही. हे थोडं वाढवून सांगितलेलं आहे. मी सगळंच थोडं वाढवून सांगतो, हे माझी आईसुद्धा लोकांना आधीच सांगून ठेवते.

सरांचं काम मात्र खरं होतं. मगर ही गोड्या पाण्यातली, आणि संकटात असलेल्या जनावरांच्या यादीतली. शहरापासून लोणी काळभोरच्या पुढेपर्यंतच्या नदीत ती कुठे राहू शकेल आणि खरोखर कुठे राहते, याची सर पाहणी करत होते. निवृत्त माणूस, पदरचं पेट्रोल, आणि मदतीला आम्ही दोघे. जागोजागी थांबून काठाचा उतार बघायचा, पाण्याची खोली बघायची, ऊन कुठे पडतं, अंडी पुरायला मऊ कोरडी वाळू आहे का, मासे आहेत का, ते सगळं सरांच्या सायक्लोस्टाइल केलेल्या फॉर्मवर लिहायचं. त्यात 'मानवी व्यत्यय' असाही एक रकाना होता. शहरातल्या नदीला तो रकाना पुरायचा नाही. सर कागद उलटा करून मागे लिहायचे: 'म्हशी, टेम्पो, निर्माल्य, गाद्या (तीन), एक गृहस्थ शीर्षासनात.' शेवटचा रकाना, 'मगरींची संख्या'. तिथे शून्य.

हे सगळं एका डोहासाठी चाललं होतं. लोणी काळभोरच्या पुढे नदी एक वळण घेते, तिथे खोल पाणी आहे आणि पलीकडे वाळूची लांब पट्टी. फार वर्षांपूर्वी सरांनी त्या पट्टीवर पोट घासटत गेल्याची खूण पाहिली होती, दोन्ही बाजूंना पावलं आणि मधे शेपटीची रेघ. टेप लावून मोजली. मग पेठेत येऊन सांगितलं. पेठेने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओंडका ओढून नेला असेल कोणी, नाही?" तेव्हापासून सर त्या डोहाला 'माझा डोह' म्हणायचे आणि पेठ सरांना 'मगरवाले' म्हणायची. आता ती वाळूची पट्टी उपशाच्या लिलावाच्या यादीत आली होती. हा मगरीचा अधिवास आहे असा अहवाल वेळेत कचेरीत गेला तर पट्टी यादीतून निघणार होती. नाही तर डंपर. आणि वाळू गेली की मगरीने अंडी कुठे घालायची, डांबरावर?

तर अशा अहवालाला आपली आधुनिक मदत व्हावी म्हणून मी सरांना म्हटलं, "सर, हे कागद कशाला, आपण सगळं कॉम्प्युटरवर घेऊ." मी आणि चंद्रपूरकराने एका आठवड्यात प्रोग्राम लिहिला. सरांना दाखवायच्या दिवशी तो अडला. त्याला रिकामा रकाना चालत नसे, आणि त्याच्या लेखी शून्य म्हणजे रिकामंच. सरांनी शून्य भरलं की तो म्हणे, संख्या भरा. सर पुन्हा शून्य भरत. तो पुन्हा म्हणे, संख्या भरा. दोन पुणेकर भेटल्यासारखं झालं, कोणी हटेना. शेवटी सर चहाला आत गेले तेव्हा मी चटकन एक ओळ घातली: शून्य आलं तर एक समज. फक्त संध्याकाळपर्यंत.

आमच्या धंद्यात 'फक्त संध्याकाळपर्यंत' म्हणून केलेली गोष्ट नातवंडांच्या लग्नाला हजर असते. मी विसरलो. वर्षभराची सगळी शून्यं पडद्यावर शून्यच दिसत राहिली, आणि आत जाऊन एकेक मगर झाली.

"ठीक आहे," सर खुर्चीत बसत म्हणाले. आवाज खाली आला होता. "हा कागद फाडा. नवीन छापा. उद्या कचेरीत देऊ."

मी चपलेकडे बघितलं. चंद्रपूरकराने छताकडे बघितलं.

"दिला?" सर म्हणाले.

"शुक्रवारीच, सर. म्हटलं तुम्हाला खेप नको. साहेब स्वतः दारापर्यंत सोडायला आले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती."

काकू आतून आल्या, जिन्यातला कागद शांतपणे ओढून घेतला, घडी घातली आणि सरांना म्हणाल्या, "एवढ्या मगरी आहेत म्हणजे आता तुम्हाला कोणी खोटं म्हणायचं नाही." सरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या पोहे करायला आत गेल्या.

सोमवारी आम्ही तिघे कचेरीत गेलो. नदीकाठच्या जनावरांचे कागद ज्यांच्या टेबलावर यायचे ते साहेब आम्हाला बघून उठून उभे राहिले. सरकारी माणूस खुर्चीतून उठलेला मी त्याआधी फक्त जेवणाच्या सुट्टीत पाहिला होता.

"या सर, या! आपल्या जिल्ह्यात इतक्या मगरी आजवर कोणी दाखवल्याच नव्हत्या. मी वर कळवलंसुद्धा."

"त्या नाहीत," सर म्हणाले.

"कोण?"

"मगरी."

साहेबांचा चेहरा पडला. "मेल्या?"

"नव्हत्याच."

"असं कसं? शुक्रवारी होत्या."

सरांनी माझ्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. शून्य, रिकामा रकाना, संध्याकाळ. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं, काचेखालच्या गणपतीकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, तुमचं सगळं पटलं. पण नोंद झालेली मगर अशी कमी करता येत नाही. वाढवायची असेल तर नुसतं पत्र चालेल. कमी करायला कारण लागतं. मेली असेल तर पंचनामा. कोणी पळवली असेल तर पोलिसात तक्रार. आपल्या मनाने गेली असेल तर कुठे गेली ते."

"जी जन्मालाच आली नाही तिचा पंचनामा कसा करू?"

"एकेकीचा स्वतंत्र करावा लागेल," साहेब समजुतीने म्हणाले. "दोन पंच, सही-शिक्क्यानिशी."

सरांचा रंग मी डोळ्यांनी बदलताना पाहिला, आधी लाल, मग जांभळा, मग सरड्यालाही न जमणारा एक. म्हटलं आता बोललं पाहिजे.

"साहेब, स्थलांतर!" मी म्हणालो.

आणि मग माझी जीभ सुटली. शहरातल्या पाण्याला साबणाचा फेस किती, मगरींच्या डोळ्यांची आग कशी झाली, आणि मग एका पहाटे त्या ओळीने, थोरली पुढे, धाकट्या मागे, हडपसरच्या बाजूने खाली कशा निघाल्या. मुंढव्याच्या पुलाखाली पोचल्या तेव्हा एक दूधवाला सायकलवरून उतरून बाजूला उभा राहिला, हेही सांगितलं. साहेबांच्या पेनचं टोपण उघडंच राहिलं होतं. "आणि सगळ्या त्या लोणीच्या पुढच्या डोहात गेल्या," मी शेवट केला. "म्हणून ती वाळूची पट्टी यादीतून काढायला हवी."

"मी असल्या कागदावर सही करणार नाही," सर म्हणाले. "त्या डोहावर वर्षभरात मी एकही मगर पाहिलेली नाही. असेल असं मला वाटतं. वाटणं म्हणजे नोंद नव्हे."

माझं स्थलांतर जागच्या जागी मेलं, आणि त्याचा पंचनामा करायला कोणी तयार नव्हतं.

साहेबांनी टोपण लावलं. माणूस वाईट नव्हता. "असं करू. शनिवारी मी स्वतः डोहावर येतो. अकराला मला निघायचंय, मेहुणीचा साखरपुडा आहे. अकराच्या आत मगर दिसली तर पट्टी यादीतून काढल्याचं पत्र तिथेच देतो. नाही दिसली तर पट्टी लिलावात, आणि पंचनामे तुमच्याकडे."

बाहेर आल्यावर सर स्कूटरला किक मारत राहिले. ती सुरू झालेली होती तरी.

आता चंद्रपूरकराचं ऐका. हा माणूस ऑफिसात आठ तास एक शब्द बोलायचा नाही, म्हणून साहेब लोक त्याला हुशार समजायचे. बुधवारी त्याने पोट दुखतंय असं सांगून सुट्टी घेतली आणि एकटाच मोटरसायकलवरून डोहावर गेला. काठावर एका बाईंचं काकडीचं वावर आहे, त्या बांधावर बसल्या होत्या. सरांच्या फॉर्मवर त्यांचीच नोंद होती: 'स्थानिकांकडे चौकशी. उत्तर नकारार्थी.' हा जाऊन शेजारी बसला, काकडी घेतली, मीठ मागितलं आणि विचारलं, "मावशी, इथं मगर दिसते का?"

"हाय की," मावशी म्हणाल्या. "म्हशी भायेर निघाल्या की त्या पल्याडच्या वाळूवर येती, उनाला."

"मंग आमच्या सरांना काहून नाही सांगितलं?"

"त्यांनी इचारलं, मगरीचा काय तरास हाय का. म्या म्हनलं, न्हाय. तिचा काय तरास? म्हशींचा इचारला असता तर सांगितला असता."

संध्याकाळी त्याने हे सदाशिव पेठेत येऊन जसंच्या तसं सांगितलं. सरांनी फॉर्म काढला. आपल्याच अक्षरातला तो प्रश्न वाचला, 'मगरीपासून उपद्रव होतो काय?' आणि चष्मा काढून पुसत बसले. शिवाय आम्ही दर रविवारी डोहावर नऊला पोचायचो आणि दहाला निघायचो, म्हणजे म्हशींच्या आंघोळीच्या नेमक्या वेळी.

"प्रश्न चुकला," सर म्हणाले. एवढंच. मला मोठ्याने हसायचं होतं, कारण अख्ख्या गोष्टीत मी एकटाच चुकलेलो नव्हतो. पण काकूंनी न विचारता दुसऱ्यांदा चहा आणला. पेठेत हे फक्त लग्न ठरल्यावर किंवा कोणी गेल्यावर करतात, म्हणून गप्प बसलो.

शनिवारी साहेब जीप घेऊन आले. बरोबर घडीची खुर्ची होती, साखरपुड्यासाठी कडक इस्त्रीचा सफारी होता आणि पायांत आरशासारखे बूट. मावशींनी सगळ्यांना काकड्या दिल्या. पलीकडे वाळूची पट्टी उन्हात पिवळी पडली होती, आणि अलीकडे पाण्यात सात म्हशी. म्हणजे मोजायला सात. पसरलेल्या सत्तर.

दहा वाजले. म्हशी हलेनात. सव्वादहा. एकीने डोळे मिटले.

"मावशी, या निघतात कधी?" मी विचारलं.

"मालकानं हाक मारली की. आन मालक पाव्हण्यांकडं गेलाय."

साडेदहाला साहेबांनी घड्याळाकडे बघून खुर्चीची घडी करायला सुरुवात केली. सरांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही, ते त्या रिकाम्या वाळूकडेच बघत होते.

ते बघून मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि पाण्यात उतरलो. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं. ज्या डोहात मगर असावी म्हणून मी देवाचा धावा करत होतो, त्याच डोहात ती नसावी म्हणून आता करू लागलो. देवाची काय पंचाईत झाली असेल!

"अबे, हळू नं बे, पाय घासटत चाल!" चंद्रपूरकर काठावरून ओरडला. स्वतः जीपच्या टपावर चढून.

पहिल्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली, तिने मला शेपटीने थोबाडीत दिली. दुसरीला मी विनंती केली. तिसरीला इंग्रजीत सांगितलं. पुढची हकिकत मी पन्नास ठिकाणी पन्नास प्रकारांनी सांगितली आहे, आणि त्यातल्या काहींमध्ये मी एका म्हशीवर बसून काठावर येतो. खरं एवढंच की शेवटी मावशी वैतागून उभ्या राहिल्या, कंबरेवर हात ठेवून एकच "ह्यॅऽऽ" ओरडल्या, आणि सातच्या सात म्हशी मुकाट्याने माझ्या अंगावर पाणी उडवत वर गेल्या. मी सगळ्यांच्या मागोमाग, आठवा.

मग पाणी निवळलं. साहेबसुद्धा अर्धी घडी केलेली खुर्ची हातात धरून थांबले.

पावणेअकरा वाजून गेल्यावर वाळूच्या कडेला पाण्यात दोन गाठी दिसल्या. ओंडक्याच्या असाव्यात तशा. गाठी पुढे सरकल्या. मग लांबट तोंड, मग पाठ, आणि मग ती सगळीच्या सगळी वर आली, सावकाश, जणू घर तिचंच होतं आणि आम्ही न सांगता आलेले पाहुणे. वाळूवर पोट टेकलं, मान थोडी वर केली आणि जबडा उघडून उन्हात तशीच पडून राहिली.

"वीस फूट!" मी ओरडलो. कुजबुजत ओरडलो.

"साडेसात," सर म्हणाले.

"शेपटी धरून?"

"शेपटी धरूनच."

"हसून राहिली नं बे," टपावरून आवाज आला.

सरांनी दुर्बीण साहेबांच्या हातात दिली आणि खिशातून फॉर्म काढला. शेवटच्या रकान्यात त्यांनी आकडा लिहिला. एक काढायला किती वेळ लागतो? त्यांना लागला. मी दुसरीकडे बघितलं. माझ्या पॅन्टमधून पाणी गळत होतं, ते बघायला बरं होतं.

साहेबांनी दुर्बिणीतून खूप वेळ पाहिलं. माणूस हरखला होता, मेहुणीला विसरला होता. मग दुर्बीण खाली करून त्यांनी जीपमधली फाइल मागवली, शुक्रवारचा माझा तो सलग कागद उलगडला, त्याच्यावरून बोट फिरवलं आणि अगदी मनापासून विचारलं, "ही एक झाली. आणि बाकीच्या?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे त्या क्षणाला निदान तीन उत्तरं तयार होती आणि तिसऱ्यात एक बोगदा होता. पण सर माझ्या पुढे आले.

"मगर पाण्यात असते," सर म्हणाले. "उतरा आणि मोजा."

साहेबांनी पाण्याकडे बघितलं. पलीकडच्या उघड्या जबड्याकडे बघितलं. मग स्वतःच्या बुटांकडे. मावशी काठावर कडकड काकडी खात होत्या. मग साहेबांनी फाइल जीपच्या बॉनेटवर ठेवली, पट्टी यादीतून काढल्याचं पत्र लिहिलं, आणि शुक्रवारच्या कागदावर लाल शाईने शेरा मारला: 'उर्वरित मगरी पाण्यात असल्याने मोजणी शक्य झाली नाही. पंचनाम्याची आवश्यकता नाही.' अकरा वाजून दहा मिनिटांनी जीप धुरळा उडवत निघून गेली.

परतताना सोलापूर रस्त्यावर आम्ही उसाच्या रसाला थांबलो. मला राहवेना. वर्षानुवर्षं ज्यांनी माझी एकेक थाप टेप लावून मोजली होती, त्यांना एकदा तरी धरायची संधी होती.

"सर, पेठेत आता काहीही सांगा, पण आज तुम्ही साहेबांना चक्क गंडवलंत."

सरांनी ग्लास खाली ठेवला, रुमालाने मिशी पुसली.

"मी उतरा म्हणालो. ते उतरले नाहीत."